नक्की म्हणणारी एकतीस घरं

माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. निवडणुकांचं त्याला जुनं व्यसन. तिकडे अध्यक्षाची मुदत निम्म्यावर आली की संसदेच्या निवडणुका होतात, त्यांना ते मिडटर्म म्हणतात, आणि अध्यक्षावरचा राग लोक त्याच्या पक्षाच्या उमेदवारांवर काढतात. यंदाच्या नोव्हेंबरात त्या आहेत. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला तो याच आनंदात.

"ताई, आमच्याकडे या वेळी पक्षानं हुशारी केलीय. आपले लोक एवढे वाढलेत ना इथे, म्हणून जुन्या गोऱ्या माणसाला बाजूला करून आपलाच माणूस उभा केलाय. आपली सगळी मतं नक्की."

"नक्की असं कोण म्हणालं?"

"आपल्यातल्याच एक बाई आहेत पक्षाच्या ऑफिसात. घरोघरी फिरून आल्यात त्या."

आमचा फोन जिन्याखाली आहे. मी जिन्याच्या पायरीवर बसले. ती बाई कोण, कुठली, मला ठाऊक नाही. पण तिच्या हातातला कागद कसा दिसत असेल ते मी इथे इंग्लंडात, लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये बसून सांगू शकते. तसाच कागद मी एकदा तयार केला होता. त्यानं एका भल्या बाईचं पद गेलं, आमच्या पक्षाची जागा गेली, आणि मला माझा धंदा पहिल्यांदा नीट कळला.

मी एकोणीस वर्षं एका राजकीय पक्षाच्या इथल्या स्थानिक ऑफिसात काम केलं. पक्षाचं नाव सांगत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि बाकीच्यांनी उगाच माझ्याशी वाद घालू नये. सुरुवात पाकिटांवर पत्ते लिहिण्यापासून झाली. आमचे हे कारखान्यात इंजिनिअर, मुलगी शाळेत, आणि मी घरी भिंतींशी बोलायची वेळ आलेली. लायब्ररीत एक चिठ्ठी लावलेली होती, 'टायपिंग येणारी मदतनीस हवी'. गेले. पुढे एजंट झाले. एजंट म्हटल्यावर आपल्याकडे विमा विकणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. इथे निवडणुकीचा एजंट म्हणजे उमेदवाराच्या वतीनं कायद्याला तोंड देणारा माणूस. अर्ज वेळेत भरणं, पत्रकावर काय छापलं, कोण कुठे उभं राहून काय बोललं, सगळ्याला जबाबदार तो. उमेदवार जिंकला तर हार उमेदवाराला. हरला तर एजंटनं काय चूक केली यावर बैठक.

या धंद्यात भाषणं फार थोडी आणि पायपीट फार. माझ्या पर्समध्ये कायम एक लाकडी उलथणं असे. इथल्या दारांना पत्रं टाकायला जी फट असते तिच्या आत ताठ केसांचा ब्रश असतो आणि कधी कधी ब्रशच्या मागे कुत्रा. पत्रक उलथण्यावर ठेवून आत सरकवायचं, बोटं शाबूत राहतात. ही युक्ती मी आणली आणि ती साऱ्या ऑफिसनं उचलली. माझ्या कारकिर्दीचं स्मारक करायचं झालंच तर त्या उलथण्याचं करावं.

बाकी सगळं काम एका कागदावर चालतं. त्याला कॅनव्हास शीट म्हणतात. रस्त्यानुसार मतदारांची नावं छापलेली असतात. दार वाजवायचं, आमच्या उमेदवाराला मत देणार का ते विचारायचं, आणि नावापुढे खूण करायची. देणार असेल तर बरोबर, नसेल तर फुली, ठरलं नसेल तर प्रश्नचिन्ह. मतदानाच्या दिवशी आमचा माणूस केंद्राबाहेर बसून आलेल्यांचे मतदार क्रमांक टिपतो, ते क्रमांक आम्ही यादीवर खोडतो, आणि संध्याकाळी ज्यांच्यापुढे बरोबरची खूण आहे पण जे अजून आलेले नाहीत त्यांची दारं वाजवतो. म्हणजे सगळा खेळ त्या खुणांचा. खूण चुकली की चुकीची दारं वाजतात.

इंग्रज माणसाची खूण करणं सोपं. तो दारातच सांगतो, "नॉट युवर लॉट, सॉरी," म्हणजे मी तुमच्यातला नाही, आणि दार लावतो. जो दहा मिनिटं उभा राहून तुमच्याशी भांडतो, खड्ड्यांवरून, करांवरून, युद्धावरून, तो बहुधा आपला असतो. परक्यावर कोण एवढा घसा कोरडा करतो? आपल्या लोकांचं तसं नाही. दारात मराठी बाई दिसली की, "अहो, आत या ना, बाहेर काय उभ्या." मग चपला काढा, मग चहा, मग चकली. मुलाचे मार्क, पुण्यातला फ्लॅट. मतदानाचा विषय निघाला की, "अहो, विचारता काय काकू, नक्की."

आता मुद्द्यावर येते. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. देशात सरकार आमच्याच पक्षाचं होतं आणि मुदतीच्या मध्यावर आलं होतं. लोक चिडलेले होते. आमच्या कौन्सिलच्या एक तृतीयांश जागांची निवडणूक बहुतेक दर वर्षी मे महिन्यात होते, आणि अशा मधल्या वर्षी लंडनवरचा राग वॉटफर्डच्या कचरापेटीवाल्यावर निघतो. आमच्या स्थानिक शाखेचा अध्यक्ष ग्रॅहम, विमा कंपनीतून निवृत्त झालेला, गोरापान, आकडेमोडीचा माणूस. त्यानं डावपेच आखले. सगळीकडे लढायचं नाही. जिथे काही जमणार नाही तिथे नावापुरता उमेदवार द्यायचा, म्हणजे मतपत्रिकेवर नाव आहे एवढंच. सगळी माणसं दोन वॉर्डांत लावायची. त्यातला एक हॉथॉर्न वॉर्ड. मी तिथेच राहते.

हॉथॉर्नमध्ये आमची नगरसेविका होती मोरीन. वय पासष्ट, शाळेच्या स्वयंपाकघरात पंचवीस वर्षं मुलांना जेवण वाढलेली, आवाज मोठा, गुडघे दुखरे. बारा वर्षं निवडून येत होती. ग्रॅहमचं म्हणणं, या वर्षी तिचा चेहरा चालणार नाही. लोकांना बदल हवाय. आणि वॉर्डात भारतीय घरं वाढलीत, त्यात सॉफ्टवेअरवाले मराठी पुष्कळ. आपण भारतीय उमेदवार दिला तर ती सगळी मतं एकगठ्ठा येतील. त्याच्या डोळ्यांपुढे समीर दाते होता. पुण्याचा, तिशीतला, लंडनच्या बँकेत प्रोजेक्ट मॅनेजर, सूट उत्तम, बोलणं त्याहून उत्तम. मुलगा खरोखर चांगला होता, हे आधीच सांगून ठेवते. या गोष्टीत खलनायक शोधायचाच असेल तर समीर नाही.

एका बैठकीत ग्रॅहम माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "सू, तुला काय वाटतं? तुझे लोक त्याला मत देतील?"

माझं नाव सुनंदा. तिथे मी सू. त्या खोलीत मी सोळा वर्षं इतिवृत्त लिहीत होते आणि किटली लावत होते. कुणी मला 'तुला काय वाटतं' असं विचारल्याची ती पहिली वेळ. मला काय झालं ते स्पष्ट सांगते: मला फार बरं वाटलं. आपला माणूस कौन्सिलात बसलेला मला हवा होता आणि तो मी बसवला असं म्हणायलाही मला हवं होतं.

"मी फिरून येते," मी म्हटलं.

तीन रविवार फिरले. एकतीस घरं, सगळी आपली. प्रत्येक घरात एकच प्रश्न: "आपला मराठी मुलगा उभा राहिला तर देणार ना मत?" आता या प्रश्नाला कोण नाही म्हणेल? तेही आपल्याच सोफ्यावर बसलेल्या, आपल्याच कपातला चहा पिणाऱ्या वयस्क बाईला. दारी आलेल्याला नाही म्हणायचं नाही, हे आपल्याला पाळण्यातच शिकवतात. मी स्वतः कुणाला कधी म्हटलंय? तरी मला तेव्हा ते सुचलं नाही. एकतीस घरांत एकतीस चहा आणि नावांपुढे सगळीकडे बरोबरच्या खुणा. माझ्या स्वतःच्या नावापुढेसुद्धा केली. शीट इतकं सुंदर दिसत होतं की मी त्याची फोटोकॉपी काढताना कडा सरळ धरली.

ग्रॅहमनं ते शीट निवड-बैठकीच्या आठवडाभर आधी वॉर्डातल्या सगळ्या सभासदांना पाठवलं. त्यात मोरीनही होती. एकीकडे समीर, एकीकडे ती, असं मतदान व्हायचं होतं. चर्चच्या हॉलमध्ये अकरा माणसं. समीरनं छान भाषण केलं. मोरीननं केलं नाही म्हटलं तरी चालेल, ती म्हणाली, "मी काय करते ते तुम्हाला माहीत आहे." मग ग्रॅहमनं शीट वर धरलं आणि विचारलं, "मोरीन, याच्याबद्दल तुला काही म्हणायचंय?"

तिनं मांडीवरच्या पर्समध्ये हात घातला. मग माझ्याकडे पाहिलं. मी पेन धरून इतिवृत्त लिहायला बसलेली. तिनं हात बाहेर काढला, पर्सची चेन ओढली आणि म्हणाली, "नाही. सूनं त्यावर खूप मेहनत घेतलीय."

मला वाटलं, फुगली. सात विरुद्ध चार मतांनी समीर उमेदवार झाला. मोरीननं त्याचा हात हातात घेतला, कोट घातला आणि गेली. मी इतिवृत्तात लिहिलं, 'मावळत्या सदस्यांचे आभार मानण्यात आले.' कुणी मानले नव्हते.

पुढे अर्जाचं प्रकरण. उमेदवाराच्या अर्जावर त्याच वॉर्डातल्या दहा मतदारांच्या सह्या लागतात. एक जरी गडबडीची निघाली तर अर्ज बाद, आणि मग उमेदवार कितीही गुणी असो, घरी बसतो. मी हुशारी केली. पाडव्याआधीच्या रविवारी मृणालकडे मराठी मंडळी श्रीखंडाला जमली होती, सगळी हॉथॉर्नमधली. तिथेच दहाच्या दहा सह्या घेतल्या. शेवटच्या दिवशी दुपारी बाराला मुदत. सकाळी नवाला ऑफिसात बसून मी सह्या यादीशी ताडून पाहत होते आणि हात थांबला. मृणालची सही आणि तिच्या नवऱ्याची सही, दोन्हींच्या खाली तीच लांब शेपटी. मग आठवलं, निखिल त्या दिवशी जेवायला नव्हताच. तो कामासाठी महिनाभर ब्रिस्टलला होता.

मी फोन लावला.

"हो काकू, त्यांची सही मीच केली," मृणाल म्हणाली. "शाळेच्या फॉर्मवर, पार्सलला, सगळीकडे मीच करते. त्यांनीच सांगितलंय. काही प्रॉब्लेम आहे का?"

"नाही गं, काही नाही," मी म्हटलं. बघा, तिथेही मी 'आहे' म्हणाले नाही.

खोटी सही माहीत असून दिली असती तर कोर्टात मी उभी राहिले असते. नवा अर्ज, पुन्हा दहा सह्या, अडीच तास. सह्या केलेली मंडळी बहुतेक लंडनला ऑफिसात. समीर मीटिंगमध्ये, फोन बंद. ग्रॅहम केस मागे सारत येरझाऱ्या घालत होता. तेवढ्यात मोरीन कपाटाची किल्ली परत द्यायला आली. तिनं माझं तोंड पाहिलं, काय झालं विचारलं, मी सांगितलं. वाटलं, आता ही हसेल. हसली असती तर तिचा हक्क होता.

"कोट घाल, लव्ह," ती म्हणाली. इथल्या बायका भाजीवालीपासून नर्सपर्यंत सगळ्यांना लव्ह म्हणतात, त्यात विशेष काही नसतं. त्या दिवशी मला विशेष वाटलं.

सकाळी दहा वाजता हॉथॉर्नमध्ये कोण घरी असतं हे तिला तोंडपाठ होतं. रात्रपाळी करून आलेली नर्स झगा पांघरून दारात आली. निवृत्त पोस्टमन बागेत होता. एका म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हतं, तर मोरीननं मागच्या दारानं जाऊन त्याच्या खिडकीवर टकटक केली. प्रत्येक जण विचारी, "तुझ्यासाठी ना?" आणि ती म्हणे, "नाही, एका चांगल्या मुलासाठी. सही कर." नऊ सह्या झाल्या. दहावी तिनं स्वतः केली, रस्त्यात, माझ्या पाठीवर कागद ठेवून. पाठीवर तिच्या पेनचा दाब लागत होता आणि मी समोरच्या कुंपणाकडे बघत रडत होते. बाराला वीस मिनिटं असताना अर्ज आत गेला.

वॉर्ड खरा कोण ओळखतं ते तेव्हाच मला उमजायला हवं होतं. पण निवडणूक सुरू झाली की एजंटला विचार करायला वेळ नसतो, आणि खरं सांगायचं तर मी तो मुद्दाम काढला नाही.

मतदान गुरुवारी असतं, सकाळी आठ ते रात्री नऊ. मोरीन आठच्या आधीच केंद्राबाहेर खुर्ची घेऊन बसली, आमच्या पक्षाचं रिबिनीचं फूल छातीवर लावून, क्रमांक टिपायला. मी शेजारच्या गल्लीत एका घराच्या बैठकीच्या खोलीत यादी पसरून बसले. चार वाजेपर्यंत माझ्या एकतीस घरांपैकी पाच घरांतली माणसं आलेली होती. ठीक आहे, म्हटलं, नोकरदार माणसं. सहाला दारं वाजवायला निघाले.

"अरे देवा, आज होतं का काकू? मला वाटलं पुढच्या गुरुवारी."

"आम्हाला इथे चालतं का मत द्यायला? आमचा पासपोर्ट तर इंडियन आहे." याला मी रविवारी चहा पिता पिता समजावलं होतं, की आपण कॉमनवेल्थचे, इथे रीतसर राहत असलो की चालतं. तेव्हा त्यानं मान हलवली होती.

"निघतोच आहे, काकू. फक्त एक कॉल आहे." तो कॉल नऊनंतरही चालला असावा.

बारा नंबरच्या घरात मेश्राम आजी राहत. नागपूरच्या, मुलाकडे येऊन दहा वर्षं झालेली. मतदान त्यांनी आयुष्यात कधी चुकवलं नव्हतं. मतदानाच्या दिवशी पांढरं पातळ नेसून, विहारात जातात तसं जात. त्यांच्या नावापुढची खूण मी डोळे झाकून केली होती. मला बघून त्या म्हणाल्या, "या न सुनंदाबाई. मी सकाळीच जाऊन आली."

"आणि समीरला दिलं ना आजी?"

"कोणाला?"

"समीर दाते. आपला मराठी मुलगा. त्याचा फोटो आला होता ना घरी."

"आला होता न. पण मला वाटलं दोघं असतील. मोरीनबाई अन् तो. मोरीनबाईचं नाव कागदावर नव्हतं. वरून खाली दोनदा पाहिलं. मग मी कोरीच चिठ्ठी टाकून आली. पेटीपर्यंत जाणं सोडायचं नाही, पण जिला द्यायचं तीच नाही तर कोणाला देऊ?"

"अहो, पण तुम्ही मला नक्की म्हणाला होतात."

"तुम्ही घरी आल्या होत्या," आजी म्हणाल्या. "तुम्हाला नाही कसं म्हणू?"

बसस्टॉपवर एक बाक आहे, पोस्टाच्या समोर. तो नसताना आजींना बस येईपर्यंत भिंतीला टेकून उभं राहावं लागे. मोरीननं दोन वर्षं कौन्सिलला पत्रं लिहून तो बसवून घेतला. हे मला आजींनी त्या दिवशी सांगितलं. त्यांची नातवंडं शाळेत लागली तेव्हा स्वयंपाकघरातल्या मोरीननं शाकाहारी भाजीचा डाव वेगळा ठेवला होता, तेही सांगितलं. मी त्याच वॉर्डात राहत होते आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. आपले लोक आपल्या माणसालाच मत देतील, हे ग्रॅहमनं म्हणावं हे समजू शकतं. तो आम्हाला लांबूनच ओळखत होता. मी काय म्हणून म्हटलं? मेश्राम आजींचा आपला माणूस कोण हे त्यांनी केव्हाच ठरवलं होतं, आणि मी त्यांच्या घरात बसून तो त्यांना नव्यानं नेमून देत होते.

समीर चौदा मतांनी पडला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलं की काय होतं ते आमच्या दारात येऊन बसलं. मोरीन गेली आणि जागाही गेली. समीर मला म्हणाला, "काकू, माझ्या खालच्या फ्लॅटमधलेसुद्धा आले नाहीत हो. आदल्या दिवशी लिफ्टमध्ये ऑल द बेस्ट म्हणाले होते." त्याच्या खालचा फ्लॅट माझ्या शीटवर होता.

पुढच्या वर्षी वॉर्डातल्या तीन जागांपैकी दुसरी निघाली. या वेळी कुणी मला विचारलं नाही. मीच उठून म्हटलं की मोरीनला विचारावं, आणि मीच तिच्या घरी गेले. बसायच्या आधी सांगून टाकलं, "मागच्या वर्षी तुझं तिकीट माझ्या शीटनं गेलं. ते शीट चूक होतं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "चहा घेणार?"

मी नको म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या घरी चहाला नको म्हटलं असेन. ती इतकी हसली की तिला खोकला लागला.

उभं राहायला ती तयार झाली, पण एक अट घातली. दारात गेल्यावर 'मत द्याल का' असं विचारायचं नाही. 'मागच्या वेळी कुणाला दिलं' ते विचारायचं आणि 'तुमचं मतदान केंद्र कुठे आहे' ते विचारायचं. ज्याला केंद्र माहीत नाही तो कुणालाच देणार नाही, त्याला आधी रस्ता सांग, खूण नंतर कर. एकोणीस वर्षांत माझ्या धंद्याबद्दल मला कुणी सांगितलेली ही सर्वांत शहाणी गोष्ट. मी तशीच फिरले. माझ्या एकतीस घरांपैकी सव्वीस घरांना केंद्र ठाऊक नव्हतं. सांगितल्यावर त्यातली बरीच आली, कारण आपली माणसं आळशी नाहीत, फक्त कुणाला रस्ता विचारणं त्यांना आवडत नाही. पत्रकं वाटायला समीर होता, हातात माझं उलथणं घेऊन. मोरीन आरामात निवडून आली. मेश्राम आजींनी तिच्या अर्जावर पहिली सही केली, मोठ्या अक्षरात, चार मिनिटं लावून.

यंदा जुलैत मी निवृत्त झाले. ऑफिसात सँडविचेस, केक, ग्रॅहमचं भाषण. त्यानं या वेळी आभार खरोखर मानले. सगळे पांगल्यावर मोरीननं पर्समधून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. माझंच शीट. तीन वर्षांपूर्वीचं, कडा सरळ धरून काढलेली ती फोटोकॉपी.

माझ्या प्रत्येक खुणेशेजारी पेन्सिलीत तिचं अक्षर होतं. 'येणार नाही.' 'चांगला मुलगा, पण गुरुवार विसरेल.' 'घर बदलणार आहेत.' बारा नंबरपुढे, 'दुसऱ्या कुणाला देणार नाही.' ते सगळं तिनं बैठकीच्या आधीच्या आठवड्यात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, एकही दार न वाजवता लिहिलं होतं.

"म्हणजे त्या दिवशी हे तुझ्या पर्समध्ये होतं."

"होतं."

"मग काढलं का नाहीस?"

"ग्रॅहमचं आधीच ठरलं होतं, लव्ह. त्याला फक्त एक कागद हवा होता. मी तुझा फाडला असता तर पुढच्या वर्षी त्यानं दुसरा आणला असता. आणि तुला पुन्हा कधी कुणी काही विचारलं नसतं." एवढं बोलून ती उरलेला केक फॉइलमध्ये गुंडाळायला लागली. थँक यू तर या देशात दिवसाला शंभरदा म्हणतो आपण, बस ड्रायव्हरलासुद्धा. तेवढंही मला म्हणता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

भावाला फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं, पण ताई, आमच्याकडे काय होईल ते सांग ना." मी म्हटलं, मला नाही माहीत. तुमच्या त्या बाईंना एवढंच विचार, बाजूला केलेल्या त्या जुन्या माणसाच्या घरी त्या कधी जाऊन आल्या का.

त्या रात्री मी शीट पुन्हा काढून बसले. आधी घाईत बघायचं राहिलेलं एक नाव होतं, माझं स्वतःचं. माझ्या बरोबरच्या खुणेशेजारी मोरीननं लिहिलं होतं: 'ही मनापासून बोलते आहे. बोलू द्यावं.'